चुकीच्या खात्यावरची नोंद : डॉ. हार्वे कुशिंग

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे माझे अभ्यासाचे विषय. तेव्हा एका अमेरिकन शल्यविशारदाचे चरित्र मी का लिहावे, असा प्रश्न कोणाही वाचकाला पडेल. त्याचे उत्तर माझ्या मावशीपासून सुरू होते.

माझी मावशी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शिडशिडीत बांध्याची, दिवसभर शेतात राबणारी बाई. पस्तिशी उलटली आणि दोन वर्षांत तिचे रूपच पालटले. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल आणि लालबुंद झाला. पोट सुटले, मानेमागे चरबीचा उंचवटा आला. हातपाय मात्र काटकुळे झाले. हनुवटीवर केस दिसू लागले, पोटावर जांभळे पट्टे उमटले. पाटावर बसली तर हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येईना. आमच्या सीमाभागात नावे ठेवायलाही दोन भाषा आहेत. घरच्यांनी मराठीत नावे ठेवली, शेजारणींनी कानडीत. कोणी खादाड म्हटले, कोणी आळशी, कोणी करणीचा संशय घेऊन अंगारा लावला. एका डॉक्टरांनीही भात बंद करा, इतकेच सांगून तिला घरी पाठवले. ती बिचारी जेवणच टाकू लागली. तरी चेहऱ्याचा गोलावा काही उतरेना.

पुढे एका मोठ्या इस्पितळात रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाले आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ सापडली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : कुशिंगचा आजार. ज्याचे नाव माझ्या मावशीच्या दुखण्याला लागले आहे, तो माणूस कोण, या कुतूहलाने मी वाचू लागलो. त्या वाचनातून हा लेख तयार झाला.

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वडील, आजोबा आणि पणजोबा, तिघेही वैद्यकीय व्यवसाय करणारे. १८९१ साली येल विद्यापीठाची पदवी घेऊन ते बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. अभ्यासू तर ते होतेच, पण येलमध्ये बेसबॉलही हिरिरीने खेळले. चित्रकला अंगी होती. पुढे आयुष्यभर शस्त्रक्रिया आटोपली की तिचे चित्र स्वतःच्या हाताने काढून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता.

विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर एक कठीण प्रसंग गुदरला. त्या काळी रुग्णाला ईथरची भूल देण्याचे काम अननुभवी विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. कुशिंग यांनी भूल दिलेला एक रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत दगावला. वरिष्ठांना त्यात विशेष काही वाटले नाही. असे अधूनमधून घडतच असे. कुशिंग यांच्या मनाला मात्र ते फार लागले. त्यांनी आणि त्यांचे मित्र कॉडमन यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी, श्वास वगैरे ठरावीक वेळाने कागदावर नोंदवून त्याचा तक्ता ठेवण्यास प्रारंभ केला. हे साल १८९४. आज जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असा तक्ता असतो. एका मृत्यूची रुखरुख मनात कुढत ठेवण्याऐवजी तिचे नोंदवहीत रूपांतर करणे, हा कुशिंग यांचा स्वभाव येथे प्रथम दिसतो. पुढच्या साऱ्या चरित्राचे बीज मला या तक्त्यात दिसते.

१८९६ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाच्या हाताखाली काम करू लागले. हॉलस्टेड अत्यंत सावकाश, रक्त कमीत कमी सांडू देत, पेशींना न दुखवता शस्त्रक्रिया करीत. ती शिस्त कुशिंग यांच्या हातात उतरली. १९०० साली ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोखर यांच्याकडे असताना, कवटीतला दाब वाढला की शरीर रक्तदाब वाढवून मेंदूचा रक्तपुरवठा कसा टिकवू पाहते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. परतण्यापूर्वी १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले आणि ते अमेरिकेत आणले.

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यूला आमंत्रण. कवटी उघडणारे थोडे आणि उघडून रुग्ण वाचवणारे त्याहून थोडे. कुशिंग यांनी नेमके हेच क्षेत्र निवडले. पण त्यांच्या हाती पहिल्याने आले ते अपयश. १९०१ सालीच चौदा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. ती लठ्ठ होती, वयात येण्याची चिन्हे नव्हती, डोके दुखे आणि दृष्टी मंदावत चालली होती. कुशिंग यांनी शस्त्रक्रिया केली, पण गाठ सापडली नाही. मुलगी दगावली. शवविच्छेदनात गाठ दिसली ती मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीपाशी. त्याच वर्षी व्हिएन्नात फ्रॉलिख या डॉक्टरांनी अशाच लक्षणांचा एक मुलगा वर्णिला होता आणि दोष त्याच ग्रंथीकडे असल्याचे म्हटले होते. जे समोर होते ते आपल्याला दिसले नाही, हे शल्य कुशिंग विसरले नाहीत. या चुकीनेच त्यांना पियुषिका ग्रंथीच्या अभ्यासाकडे वळवले, असे म्हणता येईल.

आता या ग्रंथीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पियुषिका, म्हणजेच पिट्युइटरी ग्रंथी, वाटाण्याएवढी. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. कवटीच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, हाडाच्या एका लहानशा खळग्यात ती बसलेली असते. या खळग्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असल्याने शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तुर्की खोगीर असे नाव दिले आहे. ग्रंथीचा पुढचा भाग अनेक संप्रेरके रक्तात सोडतो. एक हाडामांसाची वाढ घडवते, एक थायरॉइडला कामाला लावते, एक मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देते, दोन स्त्रीच्या बीजकोशाचे व पुरुषाच्या वृषणाचे काम चालवतात आणि एक बाळंतिणीला दूध आणते. मागचा भाग दोन संप्रेरके साठवून गरजेप्रमाणे सोडतो. त्यांतले एक मूत्रावाटे जाणारे पाणी आवरते. दुसरे प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवते.

पण ही ग्रंथी मनमानी करीत नाही. तिच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तो तिला सूचना देतो, आणि खालच्या ग्रंथींकडून रक्तातून रोजचा हिशेब वर येत असतो. अधिवृक्क ग्रंथींनी कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसे बनवले की ती बातमी रक्तातूनच वर पोहोचते आणि पियुषिका आपला हुकूम आवरता घेते. कॉर्टिसॉल कमी पडले की हुकूम पुन्हा जोराने सुटतो. म्हणजे एखाद्या चांगल्या पेढीप्रमाणे येथे खर्च आणि तपासणी एकत्रच चालतात. माझ्या मावशीच्या ग्रंथीतली गाठ ही तपासणी जुमानत नव्हती. कॉर्टिसॉल भरपूर असताना ती आणखी मागतच होती. त्या अतिरेकाने चरबी चेहऱ्यावर, मानेमागे आणि पोटावर साठली, दंड-मांड्यांचे स्नायू झिजले, कातडी पातळ होऊन तिच्यावर पट्टे उमटले, रक्तदाब आणि साखर वाढली. भात बंद केल्याने यातले काय थांबणार होते?

हे सारे आज आपल्याला ठाऊक आहे. १९०८ च्या सुमारास कुशिंग यांच्यापुढे जवळजवळ अंधारच होता. विशालांगता या रोगाला फ्रान्सच्या पिएर मारी यांनी १८८६ मध्ये अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव दिले होते. यात प्रौढ वयात हात, पाय, जबडा वाढत जातात. तो ग्रंथीचे काम कमी पडल्याने होतो, अशी मारी यांची समजूत होती. कुशिंग यांनी सहकाऱ्यांसह कुत्र्यांवर प्रयोग केले. ग्रंथीचा मोठा भाग काढलेली पिल्ले वाढत नसत, लठ्ठ होत आणि वयात येत नसत. ग्रंथी गेल्याने वाढ खुंटत असेल, तर अवाढव्य वाढ तिच्या अतिकामानेच होत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०९ मध्ये विशालांगता झालेल्या एका शेतकऱ्याच्या ग्रंथीचा काही भाग त्यांनी नाकाच्या मार्गाने काढला. त्या रुग्णाचा त्रास कमी झाला. या मार्गाने पहिली शस्त्रक्रिया दोन वर्षे आधी ऑस्ट्रियात श्लॉफर यांनी केली होती. कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून छेद घेऊन ती पद्धत सुधारली आणि १९१० ते १९२५ या काळात २३१ रुग्णांवर वापरली. त्यांतले सुमारे साडेपाच टक्के दगावले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात हा आकडा आश्चर्याचा होता.

१९१२ मध्ये पियुषिका ग्रंथी व तिचे विकार यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका रुग्णाची हकीकत वाचताना मला मावशीच समोर दिसली. रशियातून अमेरिकेत आलेली तेवीस वर्षांची ती तरुणी. गोल चेहरा, सुटलेले पोट, अंगावर केस, कातडीवर पट्टे, बंद झालेली पाळी. कोणत्या ग्रंथीचा हा दोष, हे कुशिंग यांना तेव्हा ठरवता आले नाही. त्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहिले आणि अनेक ग्रंथींचा विकार असे मोघम नाव देऊन ती नोंद ठेवून दिली. आम्ही जमाखर्चात ज्या रकमेचे खाते कळत नाही ती उचंत खात्यावर टाकतो. ती विसरायची नसते. उलगडा होईपर्यंत सांभाळायची असते. कुशिंग यांनी ही नोंद वीस वर्षे सांभाळली. १९३२ मध्ये, अशाच बारा रुग्णांच्या हकीकती एकत्र मांडून, पियुषिका ग्रंथीतल्या अगदी बारीक गाठी या रोगाचे मूळ असल्याचे त्यांनी दाखवले. हुकूम देणारे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल, दोन्ही तेव्हा वेगळी काढली गेलेली नव्हती. अनेकांनी शंका घेतली. कालांतराने, हीच लक्षणे कधी अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीनेही होतात, असे स्पष्ट झाले. पण मूळ पियुषिकेत असलेल्या रोगाला कुशिंग यांचे नाव कायम राहिले.

१९१२ मध्येच ते बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी हिशेबाची जी पद्धत घालून दिली, ती आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी आहे. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिचा प्रकार निश्चित झाल्याशिवाय ते तिची गणना आपल्या यादीत करीत नसत. पावतीशिवाय नोंद नाही, असाच हा नियम. १९१५ मध्ये चिटणीस म्हणून आलेल्या आणि पुढे स्वतः डॉक्टर झालेल्या लुईस आयझेनहार्ट या बाईंनी गाठींची ही नोंदवही सांभाळली. १५ एप्रिल १९३१ रोजी दोन हजारावी निश्चित गाठ काढली गेली. पुढच्या वर्षी कुशिंग यांनी या सर्व रुग्णांचा अहवाल छापला, त्यात मृत्यूंचे प्रमाणही उघडपणे दिले. ते आता दहा टक्क्यांच्या खाली आले होते. स्वतःचा तोटा स्वतः जाहीर करणारे शल्यविशारद त्या काळी विरळा होते.

या माणसाला खाजगी दुःखेही चुकली नाहीत. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या मेंदूतले लोखंडी तुकडे काढीत होते. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांचे गुरुतुल्य स्नेही सर विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा रिव्हिअर आघाडीवर जखमी झाला आणि त्याच्या मृत्यूच्या वेळी कुशिंग तेथे होते. पुढे ऑस्लर यांचे दोन खंडांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि त्याला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी कळल्यावर त्यांनी पत्नीला ती सांगितली आणि त्या सकाळची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. याला कर्तव्यनिष्ठा म्हणावे की कठोरपणा, मला ठरवता येत नाही.

कारण कठोरपणा त्यांच्यात होता. सहाय्यकांना ते निर्दयपणे बोलत. घर आणि पाच मुले यांचा भार पत्नी कॅथरीन यांच्यावर असे. शास्त्रातही त्यांच्या चुका झाल्या. पियुषिका पूर्ण काढली तर प्राणी जगूच शकत नाही, असे त्यांचे मत होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप स्मिथ यांनी उंदरांमध्ये मेंदूला इजा न करता ती ग्रंथी काढून ते मत खोडले. विज्ञानाच्या नावाखाली जे चालते त्याकडे पाहतानाही त्यांची दृष्टी नेहमी स्वच्छ नव्हती. १७८३ मध्ये वारलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश राक्षसकाय माणसाची इच्छा होती की आपला देह समुद्रात बुडवावा. पण त्याचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयात गेला. १९०९ मध्ये कुशिंग आणि आर्थर कीथ यांनी त्याची कवटी उघडली आणि ग्रंथीचा खळगा मोठा झालेला पाहिला. ज्ञान मिळाले खरे, पण बर्नची इच्छा दोघांच्या मनात आल्याचे दिसत नाही. ते संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तो सांगाडा मांडला गेला नाही.

असे असूनही एका प्रसंगासाठी मी त्यांना कायमचा ऋणी मानतो. १९२७ मध्ये टाइम या साप्ताहिकाने सर्कशीत जगातली सर्वांत कुरूप स्त्री म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एका बाईचे छायाचित्र छापून तिची थट्टा केली. ती मूळची इंग्लंडमधली परिचारिका, विधवा, चार मुलांची आई. कुशिंग यांनी संपादकांना पत्र लिहिले. ही बाई एके काळी देखणी आणि सुदृढ होती, तिला विशालांगता हा रोग झाला आहे, त्यात डोके असह्य दुखते, दृष्टी जाते, आणि अशा आजारी माणसाची टिंगल करणे शोभत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र छापले गेले. जगप्रसिद्ध शल्यविशारदाने एका सर्कशीतल्या बाईसाठी वेळ काढला, एवढीच ही गोष्ट. पण आपल्या मावशीसाठी असे पत्र लिहायला कोणी पुढे आले नाही, आणि नावे ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती लहान वाटत नाही.

१९३३ मध्ये कुशिंग येलला परतले. अतोनात धूम्रपानाने त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बिघडल्या होत्या. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने ते वारले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत, तिसऱ्या पोकळीत, सुमारे एक सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ सापडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठी शोधणाऱ्याला आपली कळली नाही.

नाकाच्या मार्गाची पद्धत कुशिंग यांनी स्वतः उतारवयात सोडून दिली होती. पण त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट यांनी ती एडिंबराला जपली, डॉट यांच्याकडून पॅरिसचे गीओ शिकले, आणि गीओ यांच्याकडून शिकलेल्या माँट्रिऑलच्या ज्यूल्स हार्डी यांनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. त्याच परंपरेतून माझ्या मावशीची गाठ नाकावाटे निघाली. वर्षभरात तिचा चेहरा उतरला, रक्तदाब खाली आला. आता ती पाटावरून आधाराशिवाय उठते.

हिशेबतपासणीच्या तासाला आम्हाला तत्त्वाची चूक शिकवतात. रक्कम बरोबर असते, बाजू बरोबर असते, पण खाते भलत्याच प्रकारचे धरलेले असते. तेरीज जुळते, म्हणून कोणाला संशय येत नाही. मावशीच्या बाबतीत आम्ही हेच केले. शरीराच्या खात्यावरची नोंद आम्ही तिच्या स्वभावाच्या खात्यावर टाकली आणि हिशेब जुळला म्हणून निश्चिंत बसलो. कुशिंग यांनी तसल्या असंख्य नोंदी दुरुस्त केल्या, आणि ते करताना स्वतःच्या चुकांचे पानही फाडले नाही.

मावशी बरी झाल्यावर मी तिच्याकडे गेलो होतो. लहानपणी तिच्या चालण्याची नक्कल करून मी चुलतभावंडांना हसवले होते. त्याबद्दल क्षमा मागावी, असे मनात होते. तिने मला बोलूच दिले नाही. पाटावरून उठली, आत गेली आणि माझ्यासाठी भात वाढून घेऊन आली.